धावणे आणि सोबत



वसंतात भरणाऱ्या व्याख्यानमालेत विद्वानांनी बोलावे, असा प्रघात आहे. माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंत झाले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि कारखान्याच्या फाटकावर. तेव्हा मी आपल्याला तत्त्वज्ञान सांगावयास उभा राहिलेलो नाही. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी एका मित्राबरोबर अर्धमॅरेथॉन धावलो. त्यात माझ्याकडून एक चूक घडली आणि त्या चुकीने मला माझी एक जुनी चूक दाखविली. एवढीच हकीकत मला आज सांगावयाची आहे.

मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर. १९०८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते प्रथम धावले गेले आणि १९२१ साली ते कायमचे ठरले. त्याचे निम्मे, म्हणजे २१.०९७५ किलोमीटर, ही अर्धमॅरेथॉन. कोणाला वाटेल की हे साहेबाचे खूळ आहे. तसे नाही. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. त्याच शर्यतीत सदाशिव दातार हेही धावले. त्यांना ती पुरी करता आली नाही. आणि लांब कशाला जावे? आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातील, आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे पाहा. वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापांचा हा मुलगा २०२० साली दिल्लीला अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत धावला. एकसष्ट मिनिटांच्या आत हे अंतर कापणारा तो पहिला भारतीय.

आमची गोष्ट अर्थातच निराळी. माझा मित्र वाळूजच्या एका कारखान्यात फिटर आहे. आम्ही एका वयाचे, एका गल्लीतले. डॉक्टरांनी दोघांनाही साखरेचा इशारा दिला आणि आम्ही पहाटे विद्यापीठाच्या आवारात फिरावयास जाऊ लागलो. फिरण्याचे धावणे झाले. कधी लेण्यांच्या पायथ्यापर्यंत, कधी मकबऱ्यापर्यंत. धावताना बोलता आले पाहिजे, हा आमचा एकच नियम. बोलता येईनासे झाले की वेग जास्त झाला, असे समजावयाचे. पुढे वाचनात आले की, जाणते शिक्षकही नवख्यांना हेच सांगतात. सुरुवातीस उधळलेली ताकद शेवटच्या पाच किलोमीटरांत व्याजासह वसूल केली जाते.

परंतु आमची खरी अडचण पायांची नव्हती, पाळीची होती. त्याची पाळी दर आठवड्याला बदले. रात्रपाळी असली की तो सकाळी साडेसातला घरी येई. मग कसले धावणे? लांब पल्ल्याचा सराव आम्ही रविवारीच करू शकलो. आणि हा रविवार काही आकाशातून पडलेला नाही. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजी गिरणी कामगारांच्या पदरात रविवारची सुटी पडली. आज रविवारी सकाळी रंगीत बनियन घालून हजारो माणसे धावतात. त्यांच्या पायांखाली लोखंड्यांची सहा वर्षांची खटपट आहे, हे त्यांतील किती जणांना ठाऊक असेल?

असो. शर्यतीचा दिवस उजाडला. डिसेंबरचा महिना, बोचरी थंडी, गारखेड्याच्या बाजूला ही गर्दी. माझा मित्र शनिवारची रात्रपाळी करून आला होता. पाळी बदलून मागितली होती, ती मिळाली नाही. तीन तास झोपेशिवाय मशीनवर उभे राहिलेला मनुष्य आणि आठ तास उभे राहिलेला मनुष्य यांच्या पायांत किती फरक असतो, हे मला, कामगार संघटनेच्या माणसाला, कोणी सांगावयास नको होते. तरी मी मनात घोकत होतो तो अडीच तासांचा आकडा.

दहा किलोमीटरांपर्यंत आम्ही बोलत धावलो. बाराव्याला तो गप्प झाला. सोळाव्याला, जालना रोडवर सेव्हन हिल्सच्या उड्डाणपुलाचा चढ लागला तेव्हा त्याच्या पोटऱ्यांत गोळे आले. कठड्याला धरून तो उभा राहिला आणि म्हणाला, “अरे, तू पुढे जा. मी येतो मागून.”

मी म्हणालो, “नक्की?”

तो म्हणाला, “जा म्हणतो ना.”

आणि मी गेलो. दोन तास सत्तावीस मिनिटांत पोहोचलो. गळ्यात पदक पडले, हातात केळे आले. त्या केळ्याचे साल काढता काढता मला एक चेहरा आठवला, आणि तो माझ्या मित्राचा नव्हता.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका कारखान्यात आमचा तंटा चालू होता. कायम कामगारांबरोबर कंत्राटी कामगारही एकोणीस दिवस फाटकावर बसले होते. विसाव्या दिवशी व्यवस्थापनाने कायम कामगारांची पगारवाढ मान्य केली. कंत्राटी कामगारांचा प्रश्न पुढच्या करारात पाहू, असे ठरले. त्यांच्यातला एक पोरसवदा वेल्डर मला म्हणाला, “दादा, तुम्ही सही करा. आमचं मागून बघू.” मी त्याला विचारले, “नक्की?” आणि सही केली. पुढचा करार तीन वर्षांनी झाला. तोवर त्या मुलांपैकी एकही फाटकाच्या आत उरला नव्हता.

मंडळी, थकलेला मनुष्य ‘तू पुढे जा’ म्हणतो, ती त्याची भलाई असते. ती आपल्याला मिळालेली परवानगी नव्हे. पण ती परवानगी समजणे आपल्याला फार सोयीचे असते, आणि ‘नक्की?’ हा प्रश्न आपण त्याच्यासाठी विचारत नाही, स्वतःच्या समाधानासाठी विचारतो.

माझा मित्र चोवीस मिनिटांनी आला. लंगडत आला, पण आला. मी खाली मान घालून उभा होतो. त्याने विचारले, “किती लागले तुला?” मी आकडा सांगितला. तो हसून म्हणाला, “बरं झालं. दोघांपैकी एकाचं तरी काम झालं.” हेच वाक्य मला रागावून बोलला असता तर बरे वाटले असते.

मागल्या डिसेंबरात आम्ही पुन्हा धावलो. ह्या खेपेस त्याने आठवडाभराची रजा साठवून ठेवली होती, आणि मी घड्याळ घरी ठेवले होते. दोन तास चोपन्न मिनिटांत दोघे बरोबर पोहोचलो. आपल्या वेगापेक्षा सावकाश धावणे सोपे असते, असे कोणी समजू नये. अंग गार पडते, गुडघे कुरकुरतात, मागून येणारे पुढे जातात आणि मनाला झोंबते. सोबतीला किंमत पडते. त्याच वर्षी एका करारात आम्ही कंत्राटी कामगारांचे कलम पहिल्या पानावर घेतले. बोलणी चार महिने लांबली. कायम कामगार माझ्यावर रागावले. दोघेतिघे अजून बोलत नाहीत. त्यांचाही घरसंसार आहे, त्यांचा राग मी खोटा मानीत नाही. पण करारावर सही झाली ती सगळ्यांसाठी झाली.

जाता जाता एक गोष्ट. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातील रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, असे सांगण्यात येते. बाराचोक अठ्ठेचाळीस, हिशेब बरोबर आहे. परंतु जो धावला आहे त्याला विचारा. चौथा किलोमीटर आणि अठरावा किलोमीटर, दोन्ही हजार मीटरांचेच. पण ते सारखे असतात काय? तसाच कामाचा चौथा तास आणि बारावा तास. कागदावरची बेरीज पायांना पटत नसते. बाराव्या तासानंतर घरी आलेला मनुष्य पहाटे विद्यापीठात दिसणार नाही, वाचनालयात दिसणार नाही, आणि ह्या मांडवातही दिसणार नाही.

म्हणून माझी आपल्याला एवढीच विनंती आहे. जमेल त्याने धावावे, अवश्य धावावे. एकट्याने धावू नये, कोणाला तरी बरोबर घ्यावे. आणि चढावर तो कठडा धरून ‘तू पुढे जा’ म्हणेल, तेव्हा ‘नक्की?’ असे विचारू नये. दोन घोट पाणी द्यावे, पोटरी चोळावी, आणि बाजूला उभे राहावे.