वनरक्षणासाठी परोपजीवी गांधीलमाश्यांचे संवर्धन

केरळमधील निलांबूर हे नाव भारतातील सागलागवडीच्या इतिहासात अग्रभागी आहे. १८४० नंतरच्या दशकात मलबारचे जिल्हाधिकारी कनोली यांच्या पुढाकाराने आणि चात्तू मेनन यांच्या देखरेखीखाली तेथे सागाची लागवड सुरू झाली. या भागात फेब्रुवारी ते एप्रिल या काळात वळवाच्या पहिल्या सरी पडल्या की सागाला कोवळी पालवी फुटते, आणि पालवीपाठोपाठ तिचा शत्रूही येतो. हायब्लिया प्युएरा नावाचे पतंग कोवळ्या पानांवर अंडी घालतात. थोड्याच दिवसांत लक्षावधी अळ्या शेंड्यापासून फडशा पाडू लागतात. अशा वेळी झाडाखाली उभे राहिले तर वरून गळणाऱ्या विष्ठेचा, पावसाची भुरभुर पडावी तसा आवाज ऐकू येतो. अखेर पानांच्या जागी केवळ शिरा उरतात.

साग या हल्ल्याने सहसा मरत नाही. त्याला पुन्हा पालवी फुटते, आणि म्हणूनच दीर्घकाळ या नुकसानीकडे कोणी फारसे गांभीर्याने पाहिले नाही. परंतु नवी पाने आणण्यासाठी झाड जी शक्ती खर्च करते, ती खोडाच्या वाढीतून वजा होते. केरळ वनसंशोधन संस्थेने निलांबूरच्या तरुण रोपवनात पाच वर्षे मोजमापे घेतली. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, अळीपासून संरक्षण न मिळालेल्या झाडांनी लाकडाच्या संभाव्य वाढीपैकी सुमारे ४४ टक्के वाढ गमावली होती. डोळ्यांना हिरवे दिसणारे वन आतून किती खंगलेले असू शकते, हे या आकड्याने दाखवून दिले.

यावर उपाय कोणता? विषारी औषधाची फवारणी हे सहज सुचणारे उत्तर. केरळमधील कोन्नी येथे १९६५ मध्ये विमानातून फवारणीचा प्रयोगही झाला. परंतु वन म्हणजे कुंपण घातलेले शेत नव्हे. त्यात ओढे आहेत, पक्षी आहेत, मधमाश्या आहेत, आणि वनाच्या आधाराने जगणारी माणसे आहेत. शिवाय फवारणीने अळीबरोबर अळीचे शत्रूही मरतात. त्या शत्रूंपैकी एका गटाचे संवर्धन हा या व्याख्यानाचा विषय आहे.

गांधीलमाशी म्हटले की वळचणीला घर करणारी, डंख मारणारी माशी डोळ्यांसमोर येते. येथे अभिप्रेत असलेली ट्रायकोग्रामा ही त्याच कुळाची दूरची नातलग. मात्र तिची लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते आणि माणसाला तिचा काहीही उपद्रव नाही. मादी पतंगाचे अंडे शोधते, स्पृशांनी ते चाचपून पाहते, आणि त्याला छिद्र पाडून आत आपले अंडे घालते. तिची अळी यजमान अंड्यातील द्रव्यावर वाढते. अंड्यातून पतंगाच्या अळीऐवजी नवी गांधीलमाशीच बाहेर पडते. पान खाणारे तोंड जन्मालाच येत नाही, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होय.

निसर्गात या माश्या असतातच; परंतु पतंगांची संख्या एकाएकी वाढते तेव्हा त्या अपुऱ्या पडतात. म्हणून प्रयोगशाळेत त्यांची पैदास करून योग्य वेळी त्या वनात सोडाव्यात, अशी कल्पना आहे. ही पैदास साग पोखरणाऱ्या किंवा खाणाऱ्या किडीच्या अंड्यांवर करावी लागत नाही. भारतात त्यासाठी कॉर्सिरा हा साठवणीच्या धान्यात होणारा पतंग वापरतात. घरात जो तांदळाची जाळी करतो, तोच येथे उपयोगी पडतो.

हे काम बारीक लक्षाचे आहे. ज्वारी किंवा बाजरीचा भरडा प्रथम तापवून निर्जंतुक करतात व झाकणाच्या पेट्यांत भरतात. त्यात कॉर्सिराची अंडी टाकली म्हणजे अळ्या धान्यात जाळी विणत वाढतात. सुमारे चाळीस ते पंचेचाळीस दिवसांनी पतंग निघू लागतात. ते गोळा करून अंडी घेण्यासाठी वेगळ्या पात्रात ठेवतात. पतंगांच्या पंखांवरील सूक्ष्म खवले हवेत उडतात व श्वासावाटे छातीत जातात, म्हणून कामगारांनी नाकातोंडावर कापड बांधणे आवश्यक असते. मिळालेली अंडी चाळून, डिंक लावलेल्या जाड कागदावर एका थरात पसरतात. त्यापूर्वी किंवा नंतर त्यांच्यावर जंबुपार किरणांचा मारा करतात. त्यामुळे आतील गर्भ मरतो, पण गांधीलमाशीला ते अन्न म्हणून चालते. मग ही पत्रिका ट्रायकोग्रामाच्या माद्यांसमोर ठेवतात. तीन-चार दिवसांत परोपजीवींनी व्यापलेली अंडी काळी पडतात. काम साधले की नाही, हे त्या रंगावरून समजते. हातात मावणाऱ्या एका पत्रिकेवर अशी सुमारे वीस हजार अंडी बसतात. आठ-दहा दिवसांत त्यांतून प्रौढ माश्या निघतात.

या कारखान्यालाही शत्रू आहेत. ब्रॅकॉन हेबेटर नावाची दुसरी एक परोपजीवी गांधीलमाशी कॉर्सिराच्या अळ्यांवर तुटून पडते. ती एकदा खोलीत शिरली की पेट्यामागून पेट्या रिकाम्या होतात. शेतात व वनात जी मित्र ठरली असती, तीच येथे चोर ठरते. कोळीवर्गातील सूक्ष्म किडेही अंडी फस्त करतात. म्हणून बारीक जाळ्या, स्वच्छता आणि पतंगांच्या व गांधीलमाश्यांच्या खोल्यांत पुरेसे अंतर यांना पर्याय नाही.

दुसरा धोका दिसत नाही. गांधीलमाश्यांत फलित अंड्यापासून मादी व अफलित अंड्यापासून नर जन्मतो. समागम नीट झाला नाही तर पत्रिका नरांनीच भरते, आणि नर अंडी घालत नाहीत. पिढ्यान् पिढ्या खोलीत वाढलेल्या, आयत्या अंड्यांना सरावलेल्या माश्यांची शोधण्याची ताकदही उणावते. यासाठी अधूनमधून वनातून नवे वाण आणून जुन्यात मिसळावे लागते.

एवढे सगळे साधले, तरी खरी परीक्षा पुढेच असते. हायब्लियाचे अंडे सुमारे दोन दिवसांत फुटते. एकदा अळी बाहेर पडली की ट्रायकोग्रामा निरुपयोगी. कॉर्सिराच्या पेटीपासून तयार पत्रिकेपर्यंत सुमारे पन्नास दिवस लागतात, आणि वनात मिळणारी संधी मात्र दोन दिवसांची. पत्रिका थंड पेटीत ठेवून माश्यांचे निघणे काही आठवडे लांबवता येते, परंतु दीर्घ साठवणीत त्या दुबळ्या होतात. पत्रिका लवकर टांगली तर माश्यांना अंडी सापडत नाहीत व त्या थोड्या दिवसांत मरतात. उशिरा टांगली तर त्यांना रिकामी टरफले भेटतात. टांगलेल्या पत्रिकांवर मुंग्यांचेही लक्ष असते. याखेरीज, उंच सागाच्या शेंड्यावरील अंड्यांपर्यंत पोहोचणे, हा प्रश्न निराळाच.

मध्य भारतातील वनांत सागाची पाने जाळीदार करणारी आणखी एक अळी पावसाळ्याच्या उत्तरार्धात उपद्रव करते. या दोन्ही किडींविरुद्ध जबलपूरच्या उष्णकटिबंधीय वनसंशोधन संस्थेने ट्रायकोग्रामा राओई या देशी जातीची पैदास करून प्रयोग केले. सागावरील अंडी शोधण्याची सवय असलेली स्थानिक जात निवडणे, हा त्यातील विचार ग्राह्य आहे. निलांबूरच्या हायब्लियाबाबत मात्र केरळच्या संशोधकांचे लक्ष हळूहळू दुसऱ्या एका साधनाकडे वळले. या अळीला मारणारा एक विषाणू तेथे १९८८ मध्ये नोंदवला गेला, आणि त्याच्या फवारणीचे प्रयोग पुढे झाले. पतंगांचे थवे एका वनातून दुसऱ्या वनात जात असल्यामुळे, अंड्यांवरील परोपजीवींना त्यांची वाट पाहत बसणे कठीण जाते. ही गांधीलमाश्यांच्या अपयशाची कबुली नव्हे. कोणते हत्यार कोठे चालते, याचा तो निवाडा आहे.

जेथे परिस्थिती अनुकूल असते तेथे गांधीलमाशी फार मोठे काम करते. निलगिरीच्या पानांवर गाठी आणणारी लेप्टोसायबी इनव्हेसा ही कीड स्वतःच एक सूक्ष्म गांधीलमाशी आहे. मूळची ऑस्ट्रेलियातील ही कीड २००० च्या सुमारास भूमध्य समुद्राच्या परिसरात दिसली. पुढील दशकात ती भारतातील निलगिरीच्या रोपवनांत व रोपवाटिकांत पसरली. गाठीच्या आत ती सुरक्षित असल्याने फवारणीचा फारसा उपयोग होत नव्हता. तिच्या मायदेशी तिचा शत्रू शोधण्यात आला. क्वाड्रास्टिकस मेंडेली ही परोपजीवी माशी प्रथम इस्रायलमध्ये व तेथून भारतात आली. येथे दर हंगामात लाखो माश्या सोडण्याची गरज नसते. गाठी वर्षभर उपलब्ध असतात, आणि एकदा स्थिरावलेली माशी आपली आपण पसरते. मात्र परदेशी जीव आणण्यापूर्वी तो विलगीकरणात ठेवून, इतर उपयुक्त कीटकांना त्याच्यापासून धोका नाही ना, हे पारखावे लागते. ट्रायकोग्रामाबाबतही ही सावधगिरी हवी, कारण तिला फुलपाखरांची अंडीही चालतात.

डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेतील कीटकशास्त्रज्ञ बीसन यांनी १९४१ च्या आपल्या ग्रंथात वनकीटकांचा विस्तृत विचार केला. सागलागवडीत नैसर्गिक वनाचे पट्टे राखावेत, झाडांखालील उपयुक्त झुडपे उपटून टाकू नयेत, अशी त्यांची भूमिका होती. त्या झुडपांवरील निरुपद्रवी अळ्यांवर सागाच्या किडीचे परोपजीवी वर्षभर तग धरतात. म्हणजे गांधीलमाश्यांचे संवर्धन केवळ पेट्यांत होत नाही, ते वनातही करता येते, आणि त्याला बाजरी लागत नाही.

प्रयोगशाळेत पत्रिका तयार करणारे हात जितके महत्त्वाचे, तितकेच वळवाच्या पहिल्या सरीनंतर रोज सकाळी सागाच्या पालवीकडे पाहणारे डोळेही महत्त्वाचे आहेत. हायब्लियाचा हल्ला प्रथम लहान लहान पट्ट्यांत सुरू होतो आणि तेथून पसरतो. तो पट्टा ज्या वनरक्षकाला वेळीच दिसतो, त्याने निरोप धाडला तरच शीतपेटीतील वीस हजार काळ्या ठिपक्यांचा उपयोग आहे. निरोप तीन दिवस उशिरा पोहोचला, तर पन्नास दिवसांचे कष्ट वाया जातात आणि साग पुन्हा एकदा उघडा पडतो.