आरसा गेला आणि जुन्या लेन्स परतल्या

कागद-पेन्सिल हाताशी असेल तर एक आकडा लिहून घ्या : ४६.५. साडेशेहेचाळीस मिलिमीटर. कॅमेऱ्याच्या तोंडाशी लेन्स जिच्यावर बसते ती धातूची कडी, आणि आत जिथे फिल्म ताणलेली असते ती जागा, या दोहोंमधलं हे अंतर. नायकॉनने १९५९ साली ‘एफ’ नावाचा कॅमेरा आणला तेव्हा ते ठरलं, आणि त्या कडीवर, म्हणजे माउंटवर, ते कधीच बदललं नाही. पेंटॅक्सचं हेच अंतर ४५.४६, मिनोल्टाचं ४३.५, कॅननचं आधी ४२ आणि नंतर ४४. ज्याचा त्याचा आकडा वेगळा, कडीच्या खाचा वेगळ्या. यामागे इंजिनिअर मंडळींची काही खरी कारणं होती, नाही असं नाही. पण एकदा चार लेन्स घेतल्या की गिऱ्हाईक जन्मभर आपल्याच दावणीला, हा फायदा कंपन्यांना कळत नव्हता असंही नाही.

ही दावण गेल्या काही वर्षांत सुटली. कशी सुटली, आणि कपाटातल्या जुन्या लेन्सचं आता काय करावं, एवढंच आज बोलायचं आहे.

आधी त्या अंतराचा हट्ट समजून घेऊ. लेन्सचा फोकस इन्फिनिटीवर ठेवला की दूरच्या डोंगराची प्रतिमा कडीपासून ठरलेल्या अंतरावरच उमटते. नेमक्या त्या जागी फिल्म किंवा सेन्सर हवा. लेन्स मिलिमीटरभर पुढे राहिली तर जवळच्या वस्तू टिपता येतील, डोंगर गेला. म्हणून दुसऱ्या कंपनीची लेन्स लावायची तर पहिलं काम वजाबाकीचं. लेन्सचा आकडा मोठा आणि कॅमेऱ्याचा लहान असेल, तर फरकाएवढ्या जाडीची रिंग मध्ये घाला. उलटं असेल, तर लेन्स कॅमेऱ्याच्या आत घुसवावी लागेल.

तसं घुसवणारेही झाले. स्टॅन्ली क्युब्रिक यांना ‘बॅरी लिंडन’ या १९७५ सालच्या चित्रपटातले काही प्रसंग निव्वळ मेणबत्त्यांच्या उजेडात टिपायचे होते. त्यांनी मिळवली झाइसची ५० मिलिमीटरची लेन्स, ॲपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं छिद्र, एफ ०.७, मुळात ‘नासा’साठी घडवलेली. तिचं मागचं भिंग फिल्मला जवळजवळ टेकवावं लागे. एड डिज्युलिओ या तंत्रज्ञाने त्यासाठी मिचेल कंपनीचा सिनेमा-कॅमेरा अक्षरशः कातून काढला, आणि नंतर त्याच्यावर दुसरी कुठलीही लेन्स बसेना. क्युब्रिक यांना ते परवडलं. आपण वजाबाकीकडेच परत येऊ.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतल्या ड्रेस्डेनमधून एक आट्यांचं माउंट पुढे आलं. व्यास ४२ मिलिमीटर, म्हणून नाव ‘एम ४२’. लेन्स नळाच्या तोटीसारखी फिरवून बसवायची. प्राक्टिका, जुने पेंटॅक्स, रशियन झेनिट, सगळ्यांनी ते वापरलं. त्याचं अंतर ४५.४६. कॅननच्या डिजिटल एसएलआरचं ४४. म्हणजे दीड मिलिमीटरहूनही पातळ चकती घातली की लेन्स लागली. आता नायकॉन घ्या. तिथे ४६.५, म्हणजे मिलिमीटरभर कमी पडतं. त्या एका मिलिमीटरपायी समोर बसलेल्या माणसाचा चेहरा झकास येईल आणि खिडकीतून दिसणारा सिंहगड धुरकटच राहील. मध्ये एक भिंग बसवलेल्या रिंगा मिळतात, त्या हा फरक भरून काढतात. पण चांगल्या लेन्सच्या मागे हलकी काच लावायची, हे मला कधी पटलेलं नाही.

या सगळ्या अडचणीचं मूळ होतं आरशात. एसएलआर कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे एक आरसा असतो. तो प्रतिमा वर व्ह्यूफाइंडरकडे पाठवतो आणि फोटो घेताना चटकन वर उचलला जातो. त्याला हलायला जागा हवी, म्हणून ही सगळी अंतरं चाळिशीच्या वर. २००८ साली पॅनासॉनिकने ‘जी १’ हा कॅमेरा काढला. त्यात आरसाच नव्हता. सेन्सरवर पडलेलं चित्र थेट छोट्या पडद्यावर दिसे. अंतर उतरलं विसाच्या आसपास. २०१० साली सोनीने ते १८ वर आणलं, २०१३ साली त्याच माउंटवर फिल्मच्या फ्रेमएवढा पूर्ण सेन्सर दिला. २०१८ साली नायकॉन १६ वर आलं आणि कॅनन २० वर. आता मघाची वजाबाकी पुन्हा करा. एसएलआरची कुठलीही जुनी लेन्स घ्या, दोन-अडीच सेंटिमीटर तरी जागा उरतेच. तिथे बसते एक पोकळ नळी. आत काच नाही, वायर नाही, काही नाही. बाजारात तिला अडॅप्टर म्हणतात.

यात गंमत झाली ती कॅननची. १९८७ साली कॅननने माउंट बदललं. जुन्या ‘एफडी’ लेन्सचं अंतर ४२, नव्या ‘ईओएस’ कॅमेऱ्यांचं ४४. म्हणजे आपल्याच लेन्स आपल्याच कॅमेऱ्यावर लागेनात. चांगल्या चांगल्या लेन्स रातोरात अडगळीत गेल्या आणि कवडीमोल झाल्या. त्यांना बाहेर काढलं ते पॅनासॉनिक आणि सोनी या प्रतिस्पर्ध्यांच्या कॅमेऱ्यांनी. कॅननच्या स्वतःच्या पूर्ण सेन्सरच्या नव्या कॅमेऱ्यावर साध्या रिंगेने त्या लागायला २०१८ उजाडावं लागलं, एकतीस वर्षांनी. गिऱ्हाईक सोडून गेलं म्हणून कंपन्या रडतात. इथे कंपनीच गिऱ्हाइकाला सोडून गेली होती.

आता रिंग काय करत नाही तेही ऐका. ऑटोफोकस नाही. कॅमेऱ्याला लेन्स जोडलेली आहे याचाही पत्ता नसतो, म्हणून मेनूत जाऊन ‘लेन्सशिवाय शटर’ ही सोय आधी चालू करावी लागते, नाहीतर बटण दाबलं तरी कॅमेरा ढिम्म. कॅमेऱ्यात कंप रोखणारी यंत्रणा असेल तर लेन्स किती मिलिमीटरची आहे ते हाताने भरावं लागतं. आणि ज्या लेन्सवर ॲपर्चरची कडीच नाही, कॅननच्या ‘ईएफ’ किंवा नायकॉनच्या ‘जी’ मालिकेसारख्या, तिथे साधी नळी उपयोगाची नाही. ‘ईएफ’ला इलेक्ट्रॉनिक अडॅप्टरच घ्यावा लागतो.

उदाहरण म्हणून एक लेन्स हातात घेऊ. हेलिओस ४४-२. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात आणि इतरत्रही बनलेली, झेनिट कॅमेऱ्याबरोबर मिळणारी, झाइसच्या बायोटार लेन्सवर बेतलेली. ५८ मिलिमीटर, एफ २. हातात घेतल्याबरोबर वजन जाणवतं, सगळा धातूचा कारभार. हिच्यावर ॲपर्चरच्या दोन कड्या आहेत. पहिली कटकट आवाज करत आकड्यांवर थांबते. तिच्यावर समजा ८ ठरवलं. दुसरी आवाज न करता सरकते : एका टोकाला पाती पूर्ण उघडी, दुसऱ्या टोकाला बरोबर आठवर बंद. पूर्ण उघडून फोकस जुळवायचा, न बघता दुसरी कडी फिरवायची, बटण दाबायचं. फिल्मच्या काळात पाती मिटली की व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार होई. आता पडदा आपोआप उजेड वाढवून दाखवतो, आणि हवा तिथे दहापट मोठं करून पापणीचा केस न् केस जुळवता येतो. फोकस झालेल्या कडा रंगीत दाखवायचीही सोय असते. पण ॲपर्चर पूर्ण उघडं असताना त्या रंगावर भिस्त ठेवू नये. मोठं करूनच बघावं.

या हेलिओसची ख्याती आहे ती मागच्या पानांच्या गरगरत्या भोवऱ्यासाठी. माणूस मधोमध उभा, मागे झाडी, आणि झाडीतले उजेडाचे ठिपके त्याच्याभोवती फेर धरून. याचं कारण लेन्सच्या नळकांड्यात आहे. मध्यावर येणाऱ्या किरणांना पूर्ण गोल वाट मिळते, कडेला तिरपे येणारे किरण नळकांड्याच्या काठांनी कापले जातात, म्हणून कडेचे ठिपके लंबगोल होतात आणि सगळे मध्याभोवती वळलेले दिसतात. शुद्ध तांत्रिक भाषेत हा दोष आहे. लोक आज त्यासाठी पैसे मोजतात. मोजावेत, मात्र आपला सेन्सर लहान असेल, फिल्मच्या फ्रेमच्या दोनतृतीयांश रुंदीचा, तर तो चित्राचा मधला भागच घेतो आणि भोवरा बाहेरच राहतो. पन्नासची लेन्स तिथे पंचाहत्तरसारखी वागते. यावर मेटाबोन्स कंपनीने २०१३ साली ‘स्पीड बूस्टर’ काढला. त्यात मात्र काच आहे, ब्रायन कॉल्डवेल यांनी आखलेली. ती प्रतिमा ०.७१ पट आटवते, त्यामुळे दृश्य पुन्हा रुंद होतं आणि उजेडही एका स्टॉपने वाढतो. मघाशी मी भिंगाच्या रिंगांवर नाक मुरडलं. इथे अपवाद करतो.

सगळ्याच लेन्स नव्या सेन्सरशी जमवून घेत नाहीत. आरसा नसलेल्या जुन्या लायकासारख्या कॅमेऱ्यांच्या वाइड लेन्स फिल्मच्या अगदी जवळ बसत. त्यांचे किरण कोपऱ्यांत फार तिरपे पडतात. फिल्मला त्याचं काही वाटत नसे. सेन्सरवर मात्र काचेचा एक थर असतो, त्यातून तिरपे जाताना कोपरे फिसकटतात, कधी त्यांवर जांभळट झाक येते. तेव्हा लायकाची ५० लावा, ९० लावा, पण २१ विकत घेण्याआधी दहादा विचार करा.

आणि विकत घ्यायचंच असेल तर कुठे? आपल्याकडे पुण्यात बुधवारी-रविवारी जुना बाजार भरतो, मुंबईत फोर्टमध्ये बोरा बाजार आहे. मोबाइलचा टॉर्च खिशात असतोच. लेन्सचं ॲपर्चर पूर्ण उघडा, मागून उजेड टाका, पुढून तिरपं बघा. धुळीचे चार कण चालतात, फोटोत दिसत नाहीत. ॲपर्चरच्या पात्यांवर तेल दिसलं की लोक लेन्स खाली ठेवतात. खरं तर एसएलआरवर पाती क्षणार्धात मिटावी लागत, म्हणून तेलाने मंदावलेली पाती तिथे नडत. आपण कडी हाताने फिरवून आधीच मिटवणार. पाती शेवटी जागेवर येत असतील तर भाव पाडून घ्यायला हरकत नाही. पेंटॅक्सच्या अनेक जुन्या सुपर-टाकुमार ५० एफ १.४ मध्ये थोरियमची काच आहे. ती काही वर्षांनी पिवळी पडते. दुकानदार खराब म्हणून देत असेल तर आनंदाने घ्या. अतिनील उजेडात काही दिवस ठेवली की पिवळेपणा पुष्कळ उतरतो. उन्हात ठेवलीत तर एका टोकाला ॲल्युमिनियमची फॉइल लावा. उघडं भिंग उन्हात ठेवणं म्हणजे खिडकीचा पडदा पेटवायची तयारी.

रिंग मात्र घासाघीस करून सगळ्यात स्वस्त घेऊ नये. घट्ट बसली पाहिजे. लेन्स धरून हलवली तर खेळ जाणवता कामा नये. स्वस्त रिंगा मुद्दाम किंचित पातळ करतात, म्हणजे इन्फिनिटी चुकणार नाही. मग फोकस इन्फिनिटीच्या पलीकडे जातो आणि लेन्सवरचे मीटरचे आकडे फक्त शोभेचे उरतात.

राहिला बुरशीचा प्रश्न. कोकणात, मुंबईत तो पावसाळ्याबरोबरच येतो. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे भिंगाच्या आत दिसले तर सुरुवातीला कारागीर लेन्स उघडून ते पुसून काढतो. उशीर झाला की बुरशी भिंगावरचा लेप खाते, आणि मग धागे जाऊनही त्यांची नक्षी काचेवर राहते. तशी लेन्स घेऊ नये, फुकट मिळाली तरी. आणि घरात आधीच असेल तर चांगल्या लेन्सच्या डब्यात ठेवू नये. तिला वेगळा हवाबंद डबा, त्यात सिलिका जेलची पुडी, आणि पुडीतले दाणे रंग बदलले की तव्यावर मंद आचेवर सुकवून परत आत. जून ते सप्टेंबर हे काम दर पंधरवड्याला करायचं.