आधी करारपत्र पाहा
(एयरोसिटी, मोहाली येथील कामगार सभेतील भाषण)

२०१४ साली इराकमध्ये मोसुल येथे ३९ भारतीय कामगारांचे अपहरण होऊन ते मारले गेले. त्यांतले २७ या पंजाबचे. डीएनए जुळवून ३८ जणांचे अवशेष अमृतसरला उतरले, ते २ एप्रिल २०१८ रोजी! एजंटांनी बेकायदा नेल्याने वकिलातीत त्यांची नोंद नव्हती, असे सरकारने सांगितले. मग मालकाला धरायचे कशावर? १९८३च्या उत्प्रवास नियमांप्रमाणे मृतदेहाची व्यवस्था किंवा तो मायदेशी पाठवणे, ही तरतूद करारात लागते. मालकाने हात वर केले आणि घरची परिस्थिती नसली, तर वकिलातीकडे भारतीय समुदाय कल्याण निधी आहे; लेखी अर्ज करा. आमच्या कोकणातलीही पोरे आखातात जातात. पोर निघण्याआधी करार व पासपोर्टची झेरॉक्स घरी ठेवा, एक प्रत युनियनच्या कचेरीत द्या.