शरदातले म्हातारपण

व्याख्यानमाला वसंतातली, मी बोलणार शरदाविषयी. मुंबईच्या गिरण्यांतून मालवणास परतलेले आमचे वृद्ध कामगार आश्विनात भातकापणीस अनवाणी उतरतात. ऊन पित्त खवळविणारे. आणि कुणग्यातल्या चिखलात उंदरांच्या मुतातून येणारा लेप्टो पायाच्या जखमेतून शिरतो. मी सांगतो, सकाळी दोनच तास कापा, गमबूट घाला, ताप येताच सरकारी दवाखाना गाठा. दुपारी सोलकढी-भात जेवून स्वस्थ पडा. ते हसून विचारतात, ‘गड्याची मजुरी कोण देतलो?’ प्रश्न खरा आहे. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत २०१४ साली किमान रक्कम ठरली, महिना हजार रुपये! तेव्हा वाडीतल्या तरुणांनी कापणीच्या पाळ्या आताच लावून घ्याव्यात. म्हाताऱ्यांना कोजागिरीच्या भजनात मृदंग वाजवायचा आहे.