मत्स्यपेटीचें झांकण सपाट कसें राहील?

मासे पाळण्याचा छंद आतां शहरांतील अनेक सुशिक्षित घरांत रुजला आहे. दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत कांचेची पेटी असावी, तींत हिरवीं रोपें डोलत असावीं आणि दिवसभराच्या दगदगीनंतर घरच्या मंडळींनीं घटकाभर तिच्यासमोर स्वस्थ बसावें, ही हौस निर्दोष आहे आणि मुलांच्या शिक्षणालाही उपकारक आहे. या छंदाला इतिहासही चांगला आहे. लंडनमध्यें रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें १८५० सालीं पाणवनस्पती, गोगलगाई आणि मासे एकाच भांड्यांत ठेवून त्यांचा परस्परांवर निर्वाह कसा होतो हें पाहिलें. १८५३ सालीं तेथील प्राणिसंग्रहालयांत माशांसाठीं स्वतंत्र दालन उघडलें. मुंबईस तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं सुरू झालें आणि मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांनीं रंगीत मासे प्रथम तेथेंच पाहिले.

असें असूनही पेटी, दिवा, गाळणी आणि मासे यांवर सढळ हातानें खर्च करणारा गृहस्थ झांकणाच्या बाबतींत मात्र हात आंखडता घेतो. दुकानांतून प्लॅस्टिकची एक शीट कापून आणली आणि पेटीवर ठेवली कीं काम संपलें, अशी त्याची समजूत असते. पहिले चार दिवस शीट आरशासारखी सपाट दिसते. पंधरा दिवसांनीं तिचा मध्य पाण्याकडे झुकतो, कोपरे वर उचलले जातात, आणि मग दुकानदारानें हलका माल गळ्यांत मारला असें घरांत बोललें जातें. बहुतेक वेळां दोष मालाचा नसतो. दोष असतो तो मालाचा स्वभाव न ओळखण्याचा.

झांकण वांकलें तर बिघडलें काय, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर एखाद्या सकाळीं पेटीमागच्या फरशीवर मिळतें. पुष्कळ जातींचे मासे उडी मारतात. आपल्याकडील मरळ तर ओल्या जमिनीवरून सरपटत दुसरें डबकें गाठणारा म्हणून प्रसिद्धच आहे. झेब्रा मासा, गुरामी आणि बेट्टा हेही घाबरले म्हणजे पाण्याबाहेर उसळतात. केरळांतील नद्यांत राहणारा, अंगावर तांबडी रेघ असलेला डेनिसन बार्ब हा चपळ मासा हौशी लोकांचा मोठा आवडता आहे. सह्याद्रीवरूनच त्याच्या कुळाला 'सह्याद्रिया' हें शास्त्रीय नांव २०१३ सालीं मिळालें, आणि नैसर्गिक अधिवासांत तो आज संकटग्रस्त गणला जातो. असा जीव दोन बोटांच्या फटींतून बाहेर पडून रात्रभर फरशीवर तडफडून मरावा, ही गोष्ट पाळणाऱ्याला खचितच भूषणावह नाहीं. शिवाय गुरामी व बेट्टा हे पृष्ठभागावर येऊन हवा घेणारे मासे आहेत. पाण्यावरची हवा दमट आणि उबदार राहिली तर तें त्यांना मानवतें, आणि हें कामही झांकणच करतें.

आतां वांकण्याचें कारण पाहूं. गृहिणी पापड उन्हांत घालतात तेव्हां काय होतें? वरची बाजू आधीं सुकून आकसते, खालची ओलसर असल्यामुळें तशीच राहते, आणि पापडाच्या कडा वर वळतात. म्हणूनच पापड वेळेवर उलटावे लागतात. झांकणाची गत नेमकी तीच आहे. अ‍ॅक्रिलिक हें प्लॅस्टिक कांचेसारखें दिसत असलें तरी तें पाणी पितें. पूर्ण भिजलेल्या अ‍ॅक्रिलिकमध्यें त्याच्या वजनाच्या सुमारें २ टक्के पाणी मुरलेलें असतें आणि त्या मानानें तें फुगतें. झांकणाच्या खालच्या बाजूस रात्रंदिवस पाण्याची वाफ लागते, वरच्या बाजूस खोलींतील कोरडी हवा असते. खालची बाजू लांबते, वरची लांबत नाहीं. मग शीटला वळण्यावांचून गत्यंतर उरत नाहीं.

हा फरक केवढा असतो, हें अंकगणितानें पाहिलें म्हणजे उपाय आपोआप सुचतात. शीट ६० सेंटिमीटर लांब व ४ मिलिमीटर जाड आहे आणि खालची बाजू वरच्यापेक्षां हजारांत केवळ एक भाग जास्त लांबली आहे असें धरूं. एवढ्या क्षुल्लक फरकानें मध्यभागाचा झोळ सुमारें ११ मिलिमीटर होतो. जाडी दुप्पट, म्हणजे ८ मिलिमीटर केली, तर झोळ निम्म्यावर येतो. परंतु जाडी तीच ठेवून लांबी निम्मी केली, म्हणजे ३० सेंटिमीटरचे दोन तुकडे केले, तर प्रत्येकाचा झोळ एकचतुर्थांश, म्हणजे ३ मिलिमीटरहूनही कमी होतो. कारण झोळ लांबीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. जाड शीटला दाम दुप्पट पडतो, आणि तुकडे करण्यास कांहींच पडत नाहीं. म्हणून पहिला नियम असा कीं, एक अखंड झांकण करण्याऐवजीं दोन किंवा तीन तुकडे करावे व ते जेथें मिळतात तेथें पेटीवर आडवी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी किंवा कांचेची दांडी आधाराला द्यावी. असें केल्यानें खाणें घालतांना एकच तुकडा उचलावा लागतो, ही सोयही होते.

दुसरा नियम पापडाचाच आहे: शीट उलटावी. आठवड्याला पाणी बदलण्याच्या दिवशीं झांकण धुवावें, पुसावें आणि खालची बाजू वर करून ठेवावें. मुरलेलें पाणी जसें आलें तसें निघूनही जातें. त्यामुळें वळलेली शीट कांहीं दिवसांत पुन्हां सरळ होते. एका कोपऱ्यावर लहानशी खूण केली म्हणजे या वेळीं कोणती बाजू वर आहे हें विसरत नाहीं. मात्र शीटवर दिवा किंवा पुस्तकें यांचें ओझें ठेवूं नये. सततच्या भाराखालीं प्लॅस्टिक हळूहळू बसतें, आणि असा बाक नुसतें उलटून पुरता जात नाहीं.

तिसरा उपाय आपल्या घरांतील पाटानें शिकविला आहे. जेवावयास बसण्याच्या पाटाखालीं सुतार दोन आडव्या पट्ट्या मारतो. त्या केवळ पाट उंच व्हावा म्हणून नसतात. फळी वळूं नये म्हणूनही असतात. त्याचप्रमाणें शीट अखंडच ठेवावयाची असेल, तर तिच्या वरच्या बाजूस लांबीच्या दिशेनें अ‍ॅक्रिलिकच्याच दोनअडीच सेंटिमीटर उंच पट्ट्या उभ्या चिकटवाव्या. पट्टी आडवी चिकटविली तर तिचा उपयोग थोडा होतो. उभी असली तर तीच पट्टी कित्येक पट ताठ ठरते. अ‍ॅक्रिलिक जोडण्याच्या पातळ द्रवाची वाफ विषारी असते. म्हणून तें काम उघड्या खिडकीपाशीं करावें, मुलांना दूर ठेवावें आणि वास पूर्ण गेल्याखेरीज झांकण पेटीवर ठेवूं नये.

या सर्व खटाटोपांतून ज्याला सुटावयाचें असेल त्यानें कांच घ्यावी. कांच पाणी पीत नाहीं, म्हणून ओलाव्यानें वळत नाहीं; आणि त्याच जाडीच्या अ‍ॅक्रिलिकपेक्षां ती वीस पटींहून अधिक ताठ असते. तिचे दोष दोन: वजन आणि ठिसूळपणा. ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद व ४ मिलिमीटर जाड कांच सुमारें १ किलो ८०० ग्रॅम भरते. तेवढेंच अ‍ॅक्रिलिक साडेआठशे ग्रॅमच्या आसपास भरतें. कांचवाल्याकडून सर्व कडा घासून घ्याव्या आणि मागचा एक कोपरा तारा व नळ्या यांसाठीं तिरका कापून घ्यावा. उचलण्यासाठीं सिलिकोननें एक लहान मूठ चिकटवावी. घरांत लहान मुलें असतील तर दोन तुकडे केलेले बरे. एका हातांत मावेल अशी कांच सहसा निसटत नाहीं.

हल्ली छपरांसाठीं पॉलिकार्बोनेटची दुपदरी पोकळ शीट मिळते. पॉलिकार्बोनेट अ‍ॅक्रिलिकपेक्षां पुष्कळच कमी पाणी शोषतें आणि आंतल्या उभ्या भिंतींमुळें ती शीट वजनाला हलकी असूनही ताठ असते. तिच्या आंतील नळ्या ज्या दिशेनें जातात त्या दिशेनें ती बळकट असते; म्हणून आधारापासून आधारापर्यंतचें अंतर ज्या दिशेनें जास्त, त्याच दिशेनें नळ्या ठेवाव्या. दोन्ही टोकें पारदर्शक चिकटपट्टीनें बंद करावीं; नाहीं तर आंत पाणी शिरून शेवाळ धरतें आणि तें काढतां येत नाहीं.

ज्यांना पेटीवर मोकळी हवा हवी आहे त्यांनीं खिडकीच्या जाळीप्रमाणें अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटींत बारीक जाळी बसवावी. जाळीला ओली बाजू व कोरडी बाजू असा भेदच नसतो, म्हणून ती वळत नाहीं. येथें चूक होते ती निराळीच. जाळी फार ताणून खांचेंत रबरी दोरी दाबली कीं चौकटीच्या लांब बाजू आंत ओढल्या जातात. चौकट मेजावर घट्ट धरावी, जाळी सुरकुती न पडेल इतकीच ताणावी आणि लांब चौकटीला मधें एक आडवी पट्टी द्यावी. अशा झांकणांतून पाणी अधिक उडतें व त्यांतील क्षार मागें राहतात, हें लक्षांत ठेवून पाण्याची पातळी वरचेवर पाहावी.

लांकडी झांकण करावयाचें झाल्यास त्याच्या दोन्ही बाजूंना व कडांना रंगाचे सारखेच हात द्यावे. वरून चकचकीत आणि खालून कोरें असें झांकण पहिल्याच पावसाळ्यांत वळतें.

मापाविषयीं एक सूचना. पेटीचे कोन नेहमींच काटकोन असतात असें नाहीं. आंतलें माप दोन्ही टोकांस व मध्यें असें तीन ठिकाणीं घ्यावें, सर्वांत लहान माप खरें मानावें आणि प्रत्येक बाजूस २ मिलिमीटर मोकळीक सोडावी. प्लॅस्टिक उष्णतेनेंही वाढतें. तें कडांत घट्ट बसलें तर फुगून वर येतें. आधीं पुठ्ठ्याचा नमुना कापून बसवून पाहावा व मग शीटला करवत लावावी. शीटवरचा संरक्षक कागद अगदीं शेवटीं काढावा. पुढें आठ दिवसांनीं कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरा ताणून धरला म्हणजे झोळ पडला कीं नाहीं तें लगेच दिसतें.

विजेविषयीं मात्र कोणतीही कसर करूं नये. दिवा वांकलेल्या झांकणावर नुसता ठेवला तर तो घसरून पाण्यांत पडण्याचें भय असतें. त्याला स्वतःचा स्वतंत्र आधार असावा. तार खटक्यांत जाण्यापूर्वीं तिला खालीं एक झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारें पाणी तेथेंच ठिबकेल आणि खटक्यांत शिरणार नाहीं. गळती होतांच प्रवाह तोडणारें यंत्र घरांत नसेल तर तें बसवून घ्यावें आणि पाण्यांत हात घालण्यापूर्वीं सर्व खटके बंद करावे.

एखाद्या सुटीच्या दुपारीं घरांतील मुलांना हाताशीं घेऊन हें काम करण्यासारखें आहे. माप घेणें, नमुना कापणें, दोरा ताणून पाहणें हीं कामें दहाबारा वर्षांच्या मुलालाही सहज जमतात. आणि झोळ लांबीच्या वर्गाप्रमाणें वाढतो हें सूत्र फळ्यापेक्षां पेटीपाशीं लवकर समजतें. जो जीव आपण होऊन घरांत आणला, त्याच्या डोक्यावरचें छप्पर नीट असावें, एवढी काळजी घेणें हें पाळणाऱ्याचें पहिलें कर्तव्य आहे.