तांब्यावरील मुलामा

रेडिओचें खोकें मागून उघडून पाहण्याचा मोह ज्यांना आवरलेला नाहीं, त्यांना आंत एक हिरवी पाटी दिसली असेल. तिच्यावर तांब्याच्या बारीक रेषांचें जाळें असतें आणि रेषांच्या टोकांशीं लहानमोठे भाग डाखानें जोडलेले असतात. हीच छापील सर्किटची पाटी. व्हिएन्नाचे अभियंते पॉल आइस्लर यांनीं १९३६ सालीं लंडनमध्यें असल्या पाटीवर एक रेडिओ संच तयार केला; पुढें हातानें जोडावयाच्या तारांचें जंजाळ हळूहळू मागें पडलें. पाटीवरील रेषा हिरव्या लेपाखालीं सुरक्षित असतात. उघडें राहतें तें डाख घ्यावयाच्या जागेचें तांबें, आणि सारा प्रश्न या उघड्या तांब्याचाच आहे.

तांब्याला हवा लागली कीं त्यावर ऑक्साइडचा थर चढतो व मग डाख नीट धरत नाहीं. म्हणून पाटी तयार होतांच या जागांवर मुलामा देतात. तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करणारा कारागीर दुसरें काय करतो? भांडें तापवावयाचें, नवसागरानें मळ काढावयाचा, कथील फिरवावयाचें आणि कापसाच्या बोळ्यानें तें सारखें करावयाचें. पाट्यांच्या जुन्या मुलाम्यांपैकीं एक म्हणजे ही कल्हईच होय. पाटी वितळलेल्या डाखांत बुडवितात आणि वर काढतांना तप्त हवेच्या झोतानें जास्तीचा डाख उडवून देतात. बोळ्याचें काम येथें हवा करते. हा मुलामा स्वस्त आहे आणि पाटी कपाटांत अनेक महिने पडून राहिली तरी डाख घेते. दोष एवढाच कीं थर सपाट बसत नाहीं. जाड पायांच्या भागांना तें चालतें. परंतु अर्ध्या मिलिमीटरच्या अंतरानें शेंकडों सांधे असलेली चिप असल्या उंचसखल आसनावर बसवणें धोक्याचें असतें.

त्यांतच शिशाचा प्रश्न उभा राहिला. जुन्या डाखांत ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसें असे. तो १८३ अंश सेंटिग्रेडला वितळे. १ जुलै २००६ पासून युरोपांत बहुतेक विद्युत्-उपकरणांतील शिशावर बंदी आली. भारतांतही त्याच धर्तीचे निर्बंध १ मे २०१४ पासून लागू झाले. बिनशिशाचा डाख सुमारें २१७ अंशांवर वितळूं लागतो, म्हणजे पाटीला अधिक भाजून निघावें लागतें.

या धांदलींत पुष्कळ कारखाने चांदीकडे वळले. रासायनिक द्रावांत पाटी बुडविली कीं चांदीचा अत्यंत पातळ व सपाट थर बसतो, खर्चही माफक. परंतु देवघरांतील चांदीचें निरांजन काळें पडलेलें ज्या गृहिणीनें पाहिलें आहे, तिनें या अभियंत्यांना वेळींच सावध केलें असतें! कागदाचे कारखाने, सांडपाण्याचीं केंद्रें, एवढेंच नव्हे तर मोटारींचे मातीचे नमुने घडविणाऱ्या खोल्या (त्या मातींत गंधक असतें) अशा ठिकाणीं यंत्रें कांहीं महिन्यांतच बंद पडूं लागलीं. गंधकयुक्त हवेनें कडेच्या तांब्याचें सल्फाइड होई, तें पाटीवरून सरपटत शेजारच्या रेषेला जाऊन भिडे, आणि जेथें वीज वाहूं नये तेथें वाहूं लागे.

मग सोनें? सोन्याचा मुलामा दिसला कीं गिऱ्हाइकाचें समाधान होतें खरें. वस्तुतः तांब्यावर तीन ते सहा मायक्रॉन निकेल आणि त्यावर मायक्रॉनच्या दहाव्या हिश्श्याइतकें किंवा त्याहूनही कमी सोनें, असा हा प्रकार असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डाख लागतांच सोनें त्यांत विरून जातें. खरा सांधा जुळतो तो निकेलशीं. सोन्याचा द्राव फाजील तिखट झाला तर तो निकेलच कुरतडतो. वरून सांधा निर्दोष दिसतो आणि एखाद्या धक्क्यासरशी तुटतो. खालीं काळसर पृष्ठभाग आढळतो. रुग्णालयांतील यंत्रांत असा सांधा असला तर तो केव्हां दगा देईल याचा नेम नाहीं. सोनें जाड केलें तरी भागत नाहीं, कारण डाखांत तें शेंकडा तीनच्या वर गेलें कीं सांधा ठिसूळ होतो. जाड व कठीण सोनें शोभतें तें वारंवार खोबणींत घालावयाच्या पाटीच्या कडेला.

सर्वांत स्वस्त व सपाट मुलामा धातूचा नव्हेच. तो सेंद्रिय द्रव्याचा अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ पापुद्रा असतो. जेथें पाट्या थोड्याच आठवड्यांत जोडून बाहेर पडतात, अशा प्रचंड कारखान्याला तो उत्तम. दोनशें पाट्या घेऊन दरमहा वीस वापरणाऱ्या लहान कारखानदारानें मात्र त्याच्या वाटेला न जावें. प्रत्येक तापवणीबरोबर तो क्षीण होतो आणि घामट बोटही त्याला सोसत नाहीं.

समजा, सांडपाणी उपसणाऱ्या पंपाशेजारीं बसवावयाचा एक मापक बनवावयाचा आहे. तेथें चांदी वर्ज्य. भाग मोठे असतील तर बिनशिशाची कल्हई पुरे. चिप बारीक असेल तर निकेल आणि सोनें घ्यावें, परंतु थरांची जाडी क्ष-किरणांनीं मोजल्याचा दाखला कारखान्याकडून मागून घ्यावा. जोडणी आटोपल्यावर सबंध पाटीवर संरक्षक वार्निश द्यावें. आणि पाट्यांचें पाकीट फोडण्यापूर्वीं त्यावरील तारीख पाहावी.