आधी विचारा, मग रागवा



मागच्या महिन्यात पारोळा तालुक्यातल्या एका पारधी वस्तीवर बचतगटाची बैठक होती. पंधरा वर्षांचं एक पोर ओट्यावर बसून गुटखा चघळत होतं. मी त्याला रागे भरले. त्याची आई म्हणाली, "ताई, वर्गात कुणाचं काही हरवलं की आधी याचंच दप्तर तपासायचे. याने शाळा सोडली, मग पुडी धरली." मी गप्प झाले.

इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. पुढे पारध्यांवरही तो शिक्का बसला. ३१ ऑगस्ट १९५२ला कायदा गेला, लोकांच्या मनातला संशय गेला नाही. तो आज पोरांना सोसावा लागतो.

राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. अठराच्या आतल्या मुलाला दारू किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. टपरीवाल्याला हे सांगा. नाही ऐकलं तर गटाने मिळून तक्रार करा. पण तेवढ्याने पोराचं दुखणं जात नाही. त्याला जवळ बसवा, काय झालं ते विचारा. व्यसन सोडवायला १४४४६ आणि मुलांच्या मदतीला १०९८, हे दोन्ही फोन फुकट आहेत.

त्या पोराची पुडी अजून सुटलेली नाही. सोमवारी त्याच्या आईबरोबर आम्ही गटातल्या तिघी शाळेत जाणार आहोत, त्याचं नाव परत घालायला. तुमच्या गावातही असं पोर असेल. त्याच्या आईला एकटीला शाळेत पाठवू नका.